थांब्यावरची वही

आठवीत मला नव्या शाळेत प्रवेश मिळाला, तेव्हा घर आणि शाळा यांच्यातले अंतर एकोणीस किलोमीटर आहे आणि तिथे पोहोचायला दोन बसगाड्या बदलाव्या लागतात, एवढेच आम्हाला ठाऊक होते. शाळा सुरू होण्याच्या आदल्या रविवारी बाबा मला रस्ता दाखवायला घेऊन गेले. गाडी जवळजवळ रिकामी होती, चौकात उतरल्यावर तीनच मिनिटांत दुसरी गाडी आली आणि घराजवळच्या थांब्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत आम्ही छप्पन्न मिनिटांत पोहोचलो. त्या हिशेबाने मी रोज सकाळी सहा पस्तीसची गाडी धरायची आणि आठच्या घंटेआधी चांगला अर्धा तास हाताशी ठेवायचा, असे घरात ठरले. सोमवारी त्याच गाडीने निघून मी आठ वाजून सोळा मिनिटांनी शाळेत पोहोचले. नव्या वर्गातली माझी पहिली नोंद उशिराच्या रजिस्टरमध्ये झाली.

पास काढण्याचे काम त्या मानाने सोपे होते. शाळेचा शिक्का मारलेला अर्ज, छायाचित्र आणि ओळखपत्र घेऊन एक दुपार रांगेत उभे राहावे लागले, एवढेच. सवलतीचा पास अर्जात लिहिलेल्या मार्गापुरताच चालतो, हे मात्र मला नंतर कळले. एकदा चौकातली गाडी येईना म्हणून मी वळसा घालून जाणाऱ्या दुसऱ्या मार्गाच्या गाडीत चढले आणि तिकिटाचे पूर्ण पैसे मोजावे लागले. अर्ज भरतानाच दोन्ही मार्ग लिहिता येतात का, हे विचारायला हवे होते. पासचा क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवू लागले, आणि नववीत पास हरवला तेव्हा त्या नोंदीच्या आधारे नवा पास दोन दिवसांत मिळाला.

पहिल्या महिन्यात मला सहा वेळा उशीर झाला. तीन उशीर झाले की पालकांची सही आणावी लागे, त्यामुळे आईला दोनदा सही करावी लागली. दुसऱ्या सहीच्या वेळी तिने विचारले, ‘‘तू घरातून रोज एकाच वेळी निघतेस ना?’’ मी रोज सहा पंचवीसलाच निघत होते, आणि तरीही कधी सात पस्तीसला शाळेत असे, तर कधी सव्वाआठलाही नसे. हे असे का होते, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि वर्गशिक्षिकांकडेही नव्हते. त्यांच्या दृष्टीने उशीर म्हणजे उशीर होता. मला मात्र तो प्रश्न सोडवेना, म्हणून मी एका जुन्या वहीत चार रकाने आखले: मी थांब्यावर पोहोचले ती वेळ, गाडी आली ती वेळ, चौकात उतरले ती वेळ आणि चौकात दुसरी गाडी आली ती वेळ.

चाळीस दिवसांच्या नोंदी झाल्यावर मी त्या एका कागदावर मांडल्या. पहिल्या गाडीचा प्रवास कमीत कमी बत्तीस आणि जास्तीत जास्त सत्तेचाळीस मिनिटांचा होता. दुसऱ्या गाडीचा प्रवास अठरा ते तेवीस मिनिटांत होई, आणि उतरल्यावर चालायला नऊ मिनिटे लागत. चौकातल्या थांब्यावरची वाट मात्र कधी एका मिनिटाची होती, तर कधी चौतीस मिनिटांची. तोवर मी शाळा लांब आहे म्हणून उशीर होतो, असेच धरून चालले होते, आणि घरीही तसेच बोलले जात होते. वहीत दिसत होते ते वेगळेच. ते एकोणीस किलोमीटर मी रोज जवळपास सारख्याच वेळात कापत होते, आणि माझ्या दिवसाचे काय होणार हे त्या चौकातल्या फुटक्या बाकाशी उभे असताना ठरत होते.

त्यात आणखी एक गोष्ट मला खटकत होती. दुसऱ्या मार्गावर दर पंधरा मिनिटांनी गाडी सुटते, असे फलकावर लिहिलेले होते. तसे असेल तर सरासरी साडेसात मिनिटे थांबावे लागायला हवे, पण माझ्या वहीतली सरासरी जवळजवळ अकरा मिनिटे येत होती. मी बेरीज चार वेळा तपासली. शेवटी गणिताच्या सरांना विचारले, तेव्हा त्यांनी फळ्यावर एक रेघ ओढून तिच्यावर खुणा केल्या. समज, गाड्या पाच मिनिटांनी आणि पंचवीस मिनिटांनी अशा आलटून पालटून येतात. दोन गाड्यांमधले सरासरी अंतर पंधरा मिनिटेच राहिले, फलकही खोटा ठरला नाही. पण तू थांब्यावर येशील ती वेळ तीस मिनिटांपैकी पंचवीस मिनिटांच्या मोठ्या खंडात पडण्याची शक्यता सहापैकी पाच आहे, आणि त्या खंडात सरासरी साडेबारा मिनिटे थांबावे लागेल. छोट्या खंडात आलीस तर अडीच मिनिटे. दोन्हींचा हिशेब एकत्र केला की उत्तर १०.८ येते. गाड्या जितक्या अनियमित, तितका प्रवासी मोठ्या खंडात सापडण्याचा संभव जास्त, असे सरांनी सांगितले. माझी बेरीज चुकली नव्हती, याचा मला त्या दिवशी फार आधार वाटला. शंभर जण उभे असलेल्या थांब्यावर आपलेच नशीब वाईट आहे असे प्रत्येकाला वाटत असते, आणि त्यामागे असे सरळ गणित असू शकते, हे मला आधी कोणीच सांगितले नव्हते.

गाड्या अशा जोडीने का येतात, हेही मग समजले. न्यूवेल आणि पॉट्स या दोन गणितज्ञांनी १९६४ साली याची मांडणी केली आहे. एखाद्या गाडीला थोडासा उशीर झाला की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी नेहमीपेक्षा जास्त माणसे जमतात. त्यांना चढायला वेळ लागतो म्हणून ती आणखी मागे पडते, आणि तिच्या पाठोपाठ येणाऱ्या गाडीला माणसेच कमी मिळाल्याने ती भराभर पुढे सरकते. काही थांब्यांनंतर दोघी एकमेकींना येऊन मिळतात, पुढची खच्चून भरलेली आणि मागची जवळजवळ मोकळी. मी हे चौकात कितीतरी वेळा डोळ्यांनी पाहिले होते, फक्त त्याचा अर्थ लावला नव्हता. त्यानंतर पहिली गाडी फार भरलेली असली आणि तिच्यामागे दुसरी दिसत असली, तर मी पहिली सोडून देऊ लागले. मागची गाडी नजरेच्या टप्प्यात असेल तरच हे करावे. येईलच अशा भरवशावर गाडी सोडून मी दोनदा चांगलीच फसले आहे.

पण पहिली गाडी सोडून देण्याचे कारण केवळ बसायला जागा मिळावी, एवढेच नव्हते. आठवीच्या दुसऱ्या सहामाहीत सहा पस्तीसच्या गाडीत मला गर्दीचा फायदा घेणाऱ्या हाताचा अनुभव आला. मी उभी होते, दोन्ही बाजूंनी माणसे होती, आणि हात कोणाचा आहे हे वळून पाहण्याइतकीही जागा नव्हती. मला ओरडता आले नाही. मी दप्तर पाठीवरून काढून पुढे घेतले आणि चौक येईपर्यंत श्वास धरून उभी राहिले. तसे पुन्हा एकदा घडले, आणि तरीही तीन आठवडे मी घरी एक शब्द बोलले नाही. घडलेल्या प्रकाराची लाज वाटत होतीच, पण तिच्याहून मोठी भीती वेगळी होती. सांगितले तर शाळा बंद होईल, घराजवळच्या शाळेत नाव घालतील, असे मला वाटत होते. लांबच्या शाळेत जाणाऱ्या कितीतरी मुली याच भीतीपोटी गप्प राहतात, हे मी नंतर मैत्रिणींच्या तोंडून ऐकले. उशिराचे रजिस्टर ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट एकदा तरी मनात आणावी, असे मला आजही कळकळीने वाटते.

या सगळ्यात मला बोलते केले ते त्याच गाडीने जाणाऱ्या, माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या असलेल्या एका मुलीने. तिने काही न विचारता मला हाताला धरून वाहकाच्या आसनाजवळ उभे केले आणि सांगितले, की असे झाले तर कोणाचा हात आहे याची खात्री करत बसू नकोस, मोठ्या आवाजात ‘हात काढा’ एवढेच म्हण. पुढच्या वेळी मी ते म्हणाले. गाडीत एकदम शांतता झाली, एका मावशींनी मला आपल्या जागेवर बसवले आणि वाहकाने गाडी थांबवून ‘कोण आहे तो?’ म्हणून विचारले. त्या संध्याकाळी मी आईला सगळे सांगितले. आईने शाळा बंद केली नाही. तिने आठवडाभर कामावर उशिरा जाण्याची परवानगी घेतली आणि ती माझ्याबरोबर चौकापर्यंत आली. त्या आठवड्यात वहीत पाचवा रकाना आला, गर्दीचा. बसायला जागा मिळाली तर एक टिंब, मोकळेपणाने उभे राहता आले तर दोन, आणि अंगाला अंग लागत असेल तर तीन. महिनाभराच्या नोंदींवरून दिसले, की सहा पस्तीसच्या गाडीला बहुतेक दिवशी तीन टिंबे पडतात आणि सव्वासहाच्या गाडीला एक किंवा दोन. मी वीस मिनिटे आधीची गाडी धरू लागले. शाळेत सर्वांना वाटले, की ही आता शिस्तीची झाली, कारण उशिराच्या नोंदी महिन्याला सहावरून एखाद्या नोंदीवर आल्या. गाडी बदलण्याचे खरे कारण फक्त आईला आणि मला माहीत होते.

त्या वीस मिनिटांची किंमत मी झोपेतून दिली. पाच दहाला उठायचे म्हणजे रात्री नऊला झोपायला हवे, पण कितीही ठरवले तरी साडेदहाच्या आत डोळा लागत नसे. हा आळस नव्हता. किशोरवयात झोप आणणारे मेलाटोनिन शरीरात लहानपणापेक्षा उशिरा स्रवू लागते, त्यामुळे या वयातल्या मुलांना रात्री लवकर झोप येत नाही आणि पहाटे उठवत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. मला ती साडेसहा तासांच्या आसपास मिळत होती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस केली. साडेआठची शाळा शेजारच्या मुलाला पुरेशी उशिरा वाटेल, पण दोन गाड्या बदलून येणाऱ्या मुलाचा दिवस तरीही पहाटेच सुरू होतो. दोघांना एकाच बाकावर बसवून पहिल्या तासाला एकच चाचणी देताना हा फरक कुठेच धरला जात नाही. मी स्वतः दोनदा गाडीत झोपून शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आहे. मग चौकाच्या आधीच्या थांब्यावर चढणाऱ्या एका मुलाला मी सांगून ठेवले, की मी झोपलेली दिसले तर उठव, आणि त्याने ते काम चार वर्षे एकदाही न चुकता केले.

गाडीत अभ्यास होतो, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा वळणावळणाच्या रस्त्यावर भूमितीचे पुस्तक उघडून पाहावे. मला पहिले काही महिने गाडी लागत असे. कानाच्या आतल्या भागाला शरीर हलते आहे हे कळत असते, पुस्तकावर खिळलेल्या डोळ्यांना मात्र सगळे स्थिर दिसते, आणि या विसंगतीमुळे मळमळू लागते. पुस्तक मिटून समोरच्या काचेतून दूरवर पाहिले, की बरे वाटे. म्हणून मी गाडीत वाचन सोडले आणि पाठांतर धरले. कविता, सनावळ्या, रसायनांची सूत्रे आणि पाढे यांना डोळे लागत नाहीत. उभे राहण्याचेही एक तंत्र हळूहळू अंगात भिनले. पाय जुळवून उभे राहिले की ब्रेक लागताच तोल जातो. एक पाय गाडीच्या दिशेने थोडा पुढे, दुसरा मागे आणि गुडघे किंचित सैल ठेवले, की पुढे फेकले जाण्याचा झटका पायांतून जिरतो. पाठीवरचे दप्तर चढता-उतरताना आणि गर्दीत पुढे घ्यावे. त्यात त्या दिवशी लागणारीच पुस्तके असावीत, हे शिक्षक सर्वांना सांगतात, पण पाऊण तास उभ्याने प्रवास करणाऱ्याला त्याचा अर्थ खांद्यांतून कळतो. उतरल्यावर गाडीच्या पुढून रस्ता कधीही ओलांडू नये, ती निघून जाईपर्यंत थांबावे. घाई असते तेव्हाच हे विसरते, आणि आपल्याला रोजच घाई असते.

सकाळपेक्षा संध्याकाळचे नुकसान मोठे होते, पण ते कोणत्याही रजिस्टरमध्ये नोंदले जात नव्हते. शाळा सुटल्यावर धावण्याचा सराव असे. मी आठवीत त्यात निवडले गेले होते. सराव साडेपाचला संपे, आणि सहानंतर चौकातून घरच्या दिशेने चाळीस मिनिटांनी एक गाडी असे. एक गाडी चुकली, की घरी पोहोचायला आठ वाजत आणि मग गृहपाठ, जेवण, झोप सगळेच पुढे ढकलले जाई. दोन महिन्यांनी मी सराव सोडला. शिक्षकांना मी ‘आवड राहिली नाही’ असे सांगितले, ते खरे नव्हते. वक्तृत्व, विज्ञान मंडळ, सहलीच्या तयारीच्या बैठका, यांतल्या बहुतेक गोष्टी मी याच कारणाने सोडल्या. लांबून येणारी मुले कशात भाग घेत नाहीत, असे स्नेहसंमेलनाच्या वेळी बोलले जाई, तेव्हा मला फार लागे.

त्या संध्याकाळच्या गाडीत कधी कधी चालक, वाहक आणि मी धरून पाच माणसे असत, तरी ती गाडी सुटत असे. पास्कलचा त्रिकोण शिकताना मला कळले, की याच पास्कलने १६६२ साली पॅरिसमध्ये ठरावीक मार्गावरून, ठरावीक वेळी, प्रवासी कमी असले तरी सुटणाऱ्या घोडागाड्यांची कल्पना प्रत्यक्षात आणली होती. ते वाचल्यावर मला त्या जवळजवळ रिकाम्या गाडीकडे वेगळ्या नजरेने पाहता आले. ती भरण्याची वाट न पाहता निघते, म्हणून माझ्यासारखी मुलगी लांबच्या शाळेत जाऊ शकते.

दहावीच्या सुरुवातीला मी ती वही नव्या वर्गशिक्षिकांना दाखवली. त्यांनी मधल्या सुट्टीत पूर्ण चाळली, गर्दीच्या रकान्यापाशी थांबल्या आणि टिंबांचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी काही क्षण काहीच विचारले नाही. मग वर्गांतून माहिती घेऊन बसने येणारी आणखी अकरा मुले शोधली आणि सर्वांना दोन आठवडे अशाच नोंदी ठेवायला सांगितले. बारा वह्या एकत्र ठेवल्यावर चित्र स्पष्ट झाले: नऊ जणांचा खोळंबा त्याच चौकात होत होता, आणि पहिली गाडी पोहोचण्याच्या तीन-चार मिनिटे आधीच दुसऱ्या मार्गाची गाडी निघून जात होती. शाळेने दोन गोष्टी केल्या. पास असलेल्या मुलांच्या दहा मिनिटांपर्यंतच्या उशिराची नोंद करणे बंद झाले आणि पहिल्या तासाला चाचणी न घेण्याचे ठरले. दुसरे म्हणजे आमच्या नोंदी जोडून परिवहन कार्यालयाला पत्र गेले. तीन महिन्यांनी चौकातून सुटणाऱ्या त्या एका फेरीची वेळ सहा मिनिटांनी पुढे सरकली. गाड्या वाढल्या नाहीत, रस्ता रुंद झाला नाही, तरी चौकातली माझी सरासरी वाट अकरा मिनिटांवरून पाचवर आली. त्या दिवसांच्या नोंदी मी हिरव्या शाईने केल्या आहेत.

शालान्त परीक्षेच्या दिवसांत मात्र मी सरासरीवर विसंबले नाही. आतापर्यंतची सर्वांत वाईट नोंद कोणती, ती शोधून तिच्यात एक पूर्ण फेरी चुकण्याचा वेळ मिळवला आणि तेवढे आधी घरातून निघाले. पहिल्या पेपरला एक तास दहा मिनिटे आधी पोहोचून शाळेच्या पायऱ्यांवर बसले. तिसऱ्या पेपरला पहिली गाडी वाटेत बंद पडली. आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उतरलो, मागून आलेल्या गाडीत कसेबसे चढलो, आणि मी तरीही चोवीस मिनिटे आधी पोहोचले. माझ्याबरोबर उतरलेला, दुसऱ्या शाळेत परीक्षेला निघालेला एक मुलगा त्या वेळी रडत होता. तो वेळेत पोहोचला का, हे मला कधीच कळले नाही.

बारावी संपली तेव्हा अशा आठ वह्या झाल्या होत्या. त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलीला त्या शाळेत आठवीला प्रवेश मिळाला. मी तिला पहिली वही दिली, पाचव्या रकान्यातल्या टिंबांचा अर्थ तिच्या आईसमोरच समजावून सांगितला आणि वाहकाच्या आसनाजवळची जागा कोणती, तेही सांगितले. तिची आई म्हणाली, की रविवारी सवड आहे, तेव्हा एकदा जाऊन रस्ता पाहून येतो. मी रविवारी नको म्हटले. शाळा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी आम्ही तिघी सव्वासहाच्या गाडीने निघालो, आणि चौकात उतरल्यावर तिने आपल्या नव्या वहीत पहिली वेळ लिहिली.